‘खूप मजा आली’च्या अलीकडचं

खिचडीच्या रांगेत चौथीतला एक पोरगा ताटली काखेत दाबून दोन्ही हातांनी सांगत होता. "कोकरू पडलं न्हवं हिरीत! आप्पानं कमरंला सोल बांधला आन् मला न् चुलत्याला म्हनला, टोक धरा, सोडलंसा तर बघा. मी काय सोडतोय! हाताची सालटी गेली, पर सोडला न्हाई." रांग पुढे सरकायची थांबली होती. वाढणाऱ्या मावशीसुद्धा डाव तसाच हातात धरून ऐकत होत्या.

दुपारी मी त्याला म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहिलं : "काल आमचे कोकरू विहिरीत पडले होते. वडिलांनी त्याला बाहेर काढले. आम्हा सर्वांना खूप आनंद झाला."

तीन वाक्यं, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. सोल गेला, सालटी गेली, आप्पाचा दम गेला. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली मी असते, तर ‘छान’ लिहून सही ठोकली असती.

तोंडातून येणारी गोष्ट आणि वहीत उतरणारी गोष्ट यांच्यामध्ये ही जी गळती होते ती थांबवायची, अनुभवलेखन शिकवणं म्हणजे माझ्या मते एवढंच. गोष्ट सांगता येत नाही असं मूल मला २२ वर्षांत भेटलेलं नाही. आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर आमची द्विशिक्षकी शाळा आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्हींचा मिळून पट १९. या पटावर मला जे साधलं आणि जे फसलं ते लिहिते. ४० मुलांच्या वर्गात यातलं काही बदलावं लागेल, ते तुमचं तुम्हाला कळेलच.

विषय देऊ नका, खूण मागा

आपल्याकडची एक गंमत बघा. मुलाला आपण छत्रीचं मनोगत लिहायला लावतो, नदीचं आत्मवृत्त लिहायला लावतो, फाटक्या पुस्तकाची कैफियतसुद्धा लिहून घेतो. त्याचं स्वतःचं मनोगत तेवढं राहून जातं. आणि कधी विचारलंच, तर ‘आमची सहल’ किंवा ‘माझा आवडता सण’ असं फळ्यावर लिहून विचारतो. हे विषय वाईट नाहीत, पण त्यांच्या पायवाटा पार मळून गेल्या आहेत. विषय फळ्यावर आला की मुलाला आठवण येत नाही, गाईड आठवतं. ‘आम्ही सकाळी लवकर उठलो’ला गाडी सुटते ती थेट ‘तो दिवस मी कधीच विसरणार नाही’ला थांबते.

मी पहिल्या दिवशी बाही वर सरकवते आणि कोपराजवळचा वण दाखवते. शेणी थापायच्या जागेवर पाय घसरून पडले होते, तो. एवढंच सांगते आणि विचारते, तुमच्या अंगावर आहे का असं काही? दोन मिनिटांत गुडघे, हनुवट्या, घोटे बाहेर येतात. बाभळीचा काटा, विळा, सायकलची चेन, डाळिंब छाटायची कात्री. वण ही बांधून ठेवलेली गोष्टच असते. तिच्यात जागा असते, वेळ असते, कुणीतरी ओरडलेलं असतं आणि कुणीतरी हळद दाबलेली असते. मुलाला ‘काय लिहू?’ असं विचारायची पाळीच येत नाही.

एक मात्र सांभाळा. एका वर्षी एका मुलीनं वण दाखवायला बाही वर केली आणि लगेच खाली ओढली. मी तिच्याकडे न बघता पुढच्या मुलाकडे वळले, तिच्याशी नंतर एकटीशी बोलले. प्रत्येक वण वर्गात सांगण्यासारखा नसतो. कुणी लपवत असेल तर लपवू द्यावं, आणि नंतर जाऊन मायेनं विचारायला विसरू नये.

वणांखेरीज माझ्याकडे चाललेले आणखी दोन : हरवलेली वस्तू, आणि पहिल्यांदा एकट्यानं केलेलं काम (दळण आणणं, मेंढरं राखणं, पाहुण्यांना चहा करणं). ‘मी खोटं बोललो तेव्हा’ हा विषय तर फारच रसाळ आहे, पण तो दिवाळीनंतर काढावा. मुलांचा आपल्यावर विश्वास बसायला तेवढा वेळ लागतो.

फसलेला विषय : ‘माझे बाबा’. काही वर्षांपूर्वी मी तो दिला. एका मुलीनं लिहिलं, ‘माझे बाबा रोज सकाळी ऑफिसला जातात.’ आमच्या वाडीवर ऑफिस नाही. तिचे वडील आठ महिन्यांपूर्वी वारले होते, आणि हे मला माहीत होतं. विषय फळ्यावर लिहिताना लक्षात आलं नाही, इतकंच. ती बिचारी गाईडातल्या बाबांवर निभावून नेत होती. तेव्हापासून मी असाच विषय काढते, ज्यात काय द्यायचं आणि काय राखायचं ते मुलाच्या हातात राहील.

‘या पोरांच्या आयुष्यात लिहिण्यासारखं घडतंय काय?’ असं एका शिक्षण परिषदेच्या चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं. मला मुक्ता साळवे आठवली. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेची ही विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात धर्मावर, पेशवाईवर बरंच आहे, पण माझ्या मनातून जात नाही ती एक साधी गोष्ट : आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचं काय होत असेल, असं ती लिहिते. त्या मुलीला कुणी छत्रीचं मनोगत लिहायला लावलं असतं तर?

आधी तोंड, मग हात

तिसरीच्या मुलाचं तोंड धावतं आणि हात रांगतो. ‘विहिरीत’चा ‘वि’ पहिला की दुसरा हे ठरेपर्यंत कोकरू बुडून जातं. म्हणून पहिला दिवस वही बंद.

जोड्या लावायच्या. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. ऐकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारायची मुभा : "म्हंजे कसं?", "तू काय केलंस?" आणि "कोण काय म्हणालं?" ‘तुला कसं वाटलं?’ हा प्रश्न मी मुद्दाम वगळला आहे, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं : छान वाटलं.

मग ऐकणाऱ्यानं ती गोष्ट वर्गाला सांगायची आणि जिची गोष्ट आहे तिनं शेजारी उभं राहायचं. खरी मजा इथे आहे. दुसरा सांगायला लागला की मालक गप्प बसूच शकत नाही. "असं न्हाई! चुलता फुडं हुता, मी मागं!" "लाल न्हवती, तांबडी हुती!" हे मध्ये-मध्ये तोंड घालणं थांबवू नका. मूल जिथे हट्टानं दुरुस्ती करतं, तिथेच त्याची गोष्ट असते. मी त्या वेळी हातात चिठ्ठ्या घेऊन बसते आणि त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपते : सोल. सालटी. सोडलंसा तर बघा. चुलता पुढं, मी मागं. बस, चार-पाच. दुसऱ्या दिवशी लिहायला बसताना ती चिठ्ठी त्याच्या वहीशेजारी ठेवते. गळतीवर याच्याइतका स्वस्त इलाज मला सापडलेला नाही. कोकराची गोष्ट या चिठ्ठीवरच दुसऱ्यांदा लिहून झाली, आणि त्या खेपेला ती पान उलटून मागे गेली.

मोबाइलवर आवाज धरून मुलाला वाक्यावाक्यानं ऐकवणं हाही उपाय मी करून बघितला. दोन-तीन मुलांना उपयोग झाला. बाकीचे आपलाच आवाज ऐकून अर्धा तास हसत बसले.

ताट नको, घास

खरसुंडीच्या सिद्धनाथाची पौषातली यात्रा म्हणजे आमच्या भागात खिलार जनावरांचा मोठा बाजार. यात्रेनंतर लिहायला सांगितलं की सगळ्यांच्या वहीत तेच : टेम्पोत बसलो, दर्शन घेतलं, पाळण्यात बसलो, भेळ खाल्ली, घरी आलो. ती यादी होते, गोष्ट होत नाही.

मी कोरा कागद देते आणि घडी घालून आठ चौकोन करायला सांगते. प्रत्येक चौकोनात यात्रेतलं एकेक काहीतरी पेन्सिलीनं भराभर काढायचं, काड्यांची माणसं चालतील. मग विचारते, यातला कुठला चौकोन घरी जाऊन आजीला पहिल्यांदा सांगितलास? तो वर ठेवायचा, बाकीचे सात घडीत आत.

गेल्या खेपेला एका मुलीच्या घडीवर जो चौकोन राहिला त्यात दोन माणसं आणि मध्ये एक फडकं होतं. ते आजोबांचं उपरणं होतं. आजोबा आणि हेड्या (जनावरांचा व्यापारी) उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून खोंडाचा भाव करत होते. तिनं त्या पाच मिनिटांवर बारा ओळी लिहिल्या. त्यातल्या दोन मला पाठ आहेत : "आजोबांचं तोंड हलत नव्हतं, नुसतं उपरणं हलत होतं. मी खोंडाचा कासरा धरला होता, त्याला कळलं असेल का?" पाळणा, भेळ, टेम्पो यातलं काही तिला लिहावंसं वाटलं नाही, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

बाईंनी फळ्यावर चुकावं

आपण कधी मुलांदेखत लिहितो का? मुलं आपल्याला लिहिताना बघतात ती फक्त सुविचार आणि दिनांक. त्यामुळे त्यांना वाटतं, मोठ्या माणसांचं लिहिणं असंच सरळ ओळीत, खाडाखोड न करता येतं.

मी फळ्यावर लिहिते : ‘लहानपणी माझ्याकडून पैसे हरवले. मला खूप भीती वाटली.’ आणि खडू ठेवून म्हणते, विचारा.

किती पैसे? वीस रुपये. कशाचे? रेशनच्या दुकानातून रॉकेल आणायचे. हातात काय होतं? पाच लिटरचा डबा, कान तुटलेला, सुतळी बांधलेला. पैसे गेल्यावर काय केलंस? इथे मी जरा थांबते, कारण हे सांगताना मला अजून लाज वाटते. मी डबा घेऊन ओढ्यावर गेले आणि त्यात पाणी भरलं. घरी नेताना जड दिसावा म्हणून.

वर्ग फुटतो. हसू ओसरलं की कुणीतरी विचारतंच, "मग आई?" आईनं बूच काढलं आणि वास घेतला.

हे सगळं फळ्यावर चढलं की मी ‘मला खूप भीती वाटली’वर बोट ठेवते. हे ठेवू का पुसू? एका वर्षी तिसरीतली एक एवढीशी मुलगी म्हणाली, "पुसा बाई. आईनं वास घेतल्यावर कळतंयच की." मी बी. एड.ला काय शिकले ते मला आता आठवत नाही, हे आठवतं.

त्यानंतर ‘मजा आली’चं मुलांना आपोआप कळायला लागतं. ‘मजा आली’, ‘आनंद झाला’, ‘भीती वाटली’ या तिघांना आम्ही महिनाभर वर्गाबाहेर उभं करतो. बंदी म्हणून नव्हे, खेळ म्हणून. ते आले की विचारायचं, मजा आली तेव्हा तुझे पाय कुठे होते? हात काय करत होते?

टेंभूचं आवर्तन सुटलं आणि आमच्या ओढ्याला पाणी आलं तेव्हाचं एकाचं लिखाण : ‘पाणी आले. आम्हाला खूप मजा आली.’ कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात, ते टप्प्याटप्प्यानं चढत इथवर येतं. आमच्या दुष्काळी मुलखात ओढ्याला पाणी येणं म्हणजे काय, हे त्या पोराला मी सांगायची गरज नव्हती. मी एवढंच विचारलं, पाय कुठे होते? तो म्हणाला, ओढ्यातच की. मग त्यानं लिहिलं : "आम्ही कोरड्या ओढ्यात उभे होतो. आधी पाणी नाही आलं, आधी पाचोळा आला. पाचोळा पाण्याच्या पुढं पळत होता. आम्ही पाचोळ्याच्या पुढं पळालो. माझी एक चप्पल पाण्यानं गाठली."

मगची माळ आणि घरची भाषा

‘मग’ हा मराठी मुलांचा श्वास आहे. मग आम्ही गेलो, मग आई म्हणाली, मग मी पडलो. कापायच्या आधी एक करा : गोष्ट मोठ्यानं वाचायला लावा आणि बाकीच्यांना प्रत्येक ‘मग’ला टाळी वाजवू द्या. एका गोष्टीला २३ टाळ्या पडल्या, तेव्हा लेखिका स्वतःच हसत खाली बसली. पण सगळे ‘मग’ काढायचे नाहीत. काहीतरी उलटं-पालटं होणार आहे तिथला एक ठेवायचा, तो कामाचा असतो.

काळाचंही तसंच. मूल सांगताना म्हणतं, ‘मी दार उघडलं, बघतोय तर काय, साप बसलाय!’ आपण लाल पेनानं ‘साप बसला होता’ करतो, आणि साप तिथल्या तिथे मरतो. गोष्ट ऐन जागी आली की भूतकाळातून वर्तमानात उडी मारायची ही आपल्या भाषेची जुनी रीत आहे, आपल्या आज्या तशाच सांगतात. जिथे-तिथे उड्या मारत असेल तर सांगा. एकच उडी असेल तर राहू द्या.

आता बोली. माझा नियम असा की अवतरण चिन्हांच्या आतलं मी शिवत नाही. आप्पा ‘सोडलंसा तर बघा’ म्हणाला असेल तर वहीतही तेच म्हणेल. अवतरण चिन्हं शिकवायला याच्यासारखी दुसरी संधी नाही. ही दोन टिंबं म्हणजे कुंपण, आत माणसाची स्वतःची भाषा, असं सांगितलं की मुलं चिन्ह विसरत नाहीत. कुंपणाबाहेरचं, म्हणजे निवेदन, पहिल्या खर्ड्यात कसंही येऊ दे. दुसऱ्यांदा उतरवताना ‘व्हतं’चं ‘होतं’ आणि ‘आन्’चं ‘आणि’ आम्ही बरोबर बसून करतो. पण वस्तूंची नावं बदलायची नाहीत. सोल म्हणजे दोरखंड नव्हे. आणि आप्पाचा ‘वडिलांनी’ तर मुळीच करायचा नाही. ज्याला मुलगा जन्मात कधी ‘वडील’ म्हणालेला नाही, तो माणूस त्या शब्दात कसा मावणार?

भेटीला आलेल्या एका साहेबांनी भिंतीवरची गोष्ट वाचून विचारलं होतं, "बाई, ही भाषा परीक्षेत चालेल का?" चालणार नाही, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणून आमच्याकडे दोन वह्या आहेत, एक निबंधाची, एक गोष्टीची. कुठल्या वहीत कसं बोलायचं हे मुलांना फार लवकर कळतं. घरी एक आणि शाळेत एक बोलण्याची त्यांना सवयच असते.

तपासताना

लाल पेन नको. मी पेन्सिलीनं समासात एकच प्रश्न लिहिते, खरोखर पडलेला. ‘डब्याची सुतळी कुणी बांधली होती?’ असा. उत्तर गोष्टीत कुठेतरी आलं पाहिजे. शुद्धलेखनाच्या चुका एका वेळी दोनच, त्याही त्याच त्या होणाऱ्या. वीस चुकांना वीस गोल केले, तर पुढच्या वेळी मूल ज्यांची ऱ्हस्व-दीर्घं पाठ आहेत तेवढेच शब्द वापरतं. मग पुन्हा आपलं ‘आम्हा सर्वांना खूप आनंद झाला’.

शेवटची ओळ तळहातानं झाका. मुलांना तात्पर्याची भारी सवय असते : ‘म्हणून आपण विहिरीजवळ खेळू नये.’ हात ठेवून विचारा, गोष्ट संपली का? बहुतेक वेळा दोन ओळी आधीच संपलेली असते.

सोमवारी सांगणं, मंगळवारी चिठ्ठी आणि पहिला खर्डा, बुधवारी सुट्टी (खर्डा मुरू द्यावा), गुरुवारी समासातला प्रश्न, शुक्रवारी उतरवणं, शनिवारी परिपाठात दोघा-तिघांचं वाचन. ज्याला वाचायचं नसेल त्यानं नाही वाचायचं. महिन्यात असा एकच आठवडा, बाकी अभ्यासक्रम आहेच.

आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायला तामिळनाडू, केरळपासून पार उत्तरेपर्यंत गेलेली. ज्या मुलांचे वडील लांब आहेत त्यांनी आपली गोष्ट मोबाइलवर वाचून पाठवायची, अशी पद्धत आम्ही पाडली. एकानं लिहिलं होतं की पप्पा वर्षानं घरी आले तेव्हा तो दाराआड लपला, ‘ते मला हुडकतात का बघायला’. त्याच्या वडिलांनी उत्तरादाखल बोलून पाठवलं. आधी बराच वेळ मागे भट्टीच्या पंख्याचा आवाज आहे, मग ते म्हणतात, "मला दारातनं तुझा पाय दिसत हुता."

राहता राहिला दरवर्षीचा तो एक मुलगा, जो काहीच लिहीत नाही. "बाई, माझं काय घडलंच न्हाई." यंदाचा असा मुलगा दोन सोमवार कोरी वही घेऊन बसला. तिसऱ्या सोमवारी तो शाळेत तासभर उशिरा आला, पायाला चिखल. मी उशिराबद्दल विचारलं, तर म्हणाला, "म्हशीनं दावं तोडलं. आज्जी तिच्या मागं आन् मी आज्जीच्या मागं."

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि म्हटलं, आज्जी काय म्हणत होती पळताना?

तो वर्गाकडे बघून लाजला. "शिव्या देत हुती. लिहू का?"